लाल चीक म्हणजे रक्तचंदन नव्हे! बिवळा आणि रक्तचंदन कसे ओळखावे?

बांधावरच्या एखाद्या जुन्या झाडाला कोयता लागतो, सालीतून रक्तासारखा लाल चीक वाहू लागतो आणि गावात चर्चा सुरू होते, की हे झाड रक्तचंदनाचे आहे. महाराष्ट्रात असे झाड बहुतेक वेळा बिवळ्याचे निघते. विदर्भात त्याला बीजा किंवा बिजासाल म्हणतात, काही भागांत बिबळा, तर आयुर्वेदात असन किंवा विजयसार. बिवळा आणि रक्तचंदन ही एकाच प्रजातीतील, म्हणजे अगदी जवळच्या नात्यातील झाडे असल्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. मात्र त्यांचा अधिवास, लाकूड, बाजार आणि लागू होणारे नियम वेगवेगळे आहेत.

ही ओळख शेतकऱ्याला तीन प्रसंगी कामाला येते: रोपे विकत घेताना, उभे झाड विकताना आणि जमीन रस्ता, रेल्वे किंवा धरणासाठी संपादित होताना. तिन्ही ठिकाणी झाडाचे नाव चुकले तर हिशोबही चुकतो. म्हणून आधी झाड ओळखावे, भावाचा विचार नंतर करावा.

आधी नावांचा गोंधळ दूर करू

‘चंदन’ हा शब्द आपण तीन-चार वेगवेगळ्या झाडांसाठी वापरतो.

- चंदन (श्वेतचंदन): शास्त्रीय नाव सॅंटलम अल्बम. गाभ्याला सुगंध असतो. हे झाड अर्धपरोपजीवी आहे, म्हणजे शेजारच्या झाडांच्या मुळांतून काही अन्नद्रव्ये आणि पाणी घेते. रक्तचंदनाशी याचे नाते फक्त नावापुरते आहे. दोघांची कुळे वेगळी आहेत.
- रक्तचंदन: शास्त्रीय नाव टेरोकार्पस सॅंटॅलिनस. गाभा गडद लाल, पण सुगंध नाही. घरात उगाळण्यासाठी ठेवलेली रक्तचंदनाची बाहुली याच लाकडाची असते.
- बिवळा: शास्त्रीय नाव टेरोकार्पस मार्सुपियम. आपल्या सह्याद्रीतील आणि सातपुड्यातील मूळचे झाड.
- रतनगुंज: शास्त्रीय नाव ॲडिनँथेरा पॅव्होनिना. चकचकीत लाल बियांमुळे हे झाड अनेक ठिकाणी ‘रक्तचंदन’ म्हणून ओळखले जाते आणि त्याच नावाने रोपेही विकली जातात. त्याची पाने दुहेरी पिसासारखी, अनेक लहान पर्णिकांची असतात. लाल गुळगुळीत बिया दाखवून कोणी ‘रक्तचंदनाचे बी’ देत असेल, तर ते रक्तचंदन नाही.

रतनगुंज पानांवरून लगेच वेगळी करता येते. खरा कस लागतो तो बिवळा आणि रक्तचंदन वेगळे ओळखताना.

वर्गीकरण: नाते किती जवळचे?

दोन्ही झाडे शेंगावर्गीय कुळातील (फॅबेसी) आहेत, म्हणजे तूर, हरभरा आणि शिसव यांच्या कुळातील. त्यांची प्रजाती एकच आहे: टेरोकार्पस. ग्रीक भाषेतील ‘पंख’ आणि ‘फळ’ या दोन शब्दांपासून हे नाव तयार झाले आहे. या प्रजातीतील झाडांच्या शेंगा चपट्या, गोलसर असतात आणि त्यांच्या कडेने पातळ पंख असतो. बी मध्यभागी, फुगीर भागात असते. वाळलेली शेंग वाऱ्यावर दूर जाते.

बिवळ्याच्या नावातील ‘मार्सुपियम’ म्हणजे पिशवी, तर रक्तचंदनाच्या नावातील ‘सॅंटॅलिनस’ म्हणजे चंदनासारखा. लाल चीक, पिवळी फुले, पंखवाली शेंग आणि मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या गाठी ही वैशिष्ट्ये दोघांत सामाईक आहेत. म्हणून त्यांच्यापैकी एकाही लक्षणावरून ‘हे रक्तचंदनच’ असा निष्कर्ष काढू नये.

शेतात उभे राहून ओळख

| लक्षण | बिवळा | रक्तचंदन |
|---|---|---|
| आकार | मोठा वृक्ष, २५ ते ३० मीटरपर्यंत, पसरट मुकुट | मध्यम वृक्ष, साधारण १० ते १५ मीटर, सरळ खोड |
| साल | करडी-तपकिरी, उभ्या भेगांची, खपल्या निघणारी | काळपट तपकिरी, आडव्या-उभ्या खोल भेगांमुळे मगरीच्या पाठीसारखी चौकटीदार |
| पर्णिका | एका पानात साधारण ५ ते ७, लांबट | एका पानात बहुधा ३, क्वचित ५. रुंद, गोलसर |
| फुलोरा | पिवळ्या सुवासिक फुलांचे मोठे, भरगच्च घोस | पिवळी सुवासिक फुले, लहान व विरळ मंजिरी |
| फुलांचा हंगाम | पावसाळ्याच्या अखेरीस, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर | उन्हाळ्यात, साधारण मार्च ते मे |
| गाभ्याचा रंग | सोनेरी पिवळसर ते तपकिरी, गडद रेषा | गडद लाल ते जांभळट काळा |
| लाकडाचे वजन | जड व टिकाऊ | अतिशय जड. वाळलेला गाभाही पाण्यात बुडतो |

यांतील सर्वांत सोपी खूण पानाची. हिरव्या पर्णिकांची संख्या मोजताना एकच पान पाहू नये. झाडाच्या वेगवेगळ्या फांद्यांवरील किमान दहा पूर्ण वाढलेली पाने पाहावीत. बहुतेक पानांत पाच किंवा सात लांबट पर्णिका असतील तर झाड बिवळ्याचे असण्याची शक्यता मोठी आहे. बहुतेक पानांत तीन गोलसर पर्णिका असतील तर पुढची तपासणी करावी. रोपवाटिकेतील अगदी कोवळ्या रोपांवर मात्र ही खूण लावू नये. लहानपणीची पाने मोठ्या झाडाच्या पानांसारखी नसतात.

दोन्ही झाडे पानगळीची आहेत. पाने नसतील त्या दिवसांत साल आणि झाडाखाली पडलेल्या शेंगा पाहाव्यात. फुलांचा हंगाम हीदेखील भक्कम खूण आहे. गणपती-नवरात्राच्या सुमारास झाड पिवळ्या फुलांनी भरत असेल, तर ते बिवळ्याकडे बोट दाखवते. वर्षभर झाडाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याइतकी चांगली माहिती याबाबत दुसऱ्या कोणाकडे नसते, म्हणून फुलांचा महिना वहीत लिहून ठेवावा.

चीक आणि लाकूड काय सांगते?

बिवळ्याच्या सालीला जखम झाली की लाल चीक येतो. तो वाळून काळपट लाल, ठिसूळ खडे तयार होतात. हाच बिवळ्याचा डिंक ‘मलबार कायनो’ या नावाने एके काळी युरोपातील औषध बाजारात जात असे. त्यात टॅनिनचे प्रमाण जास्त असल्याने त्याची चव तुरट असते. रक्तचंदनाच्या सालीतूनही लाल रस येतो. म्हणजे ओळख पटवण्यासाठी झाडाला घाव घालून काहीच सिद्ध होत नाही. उलट जखमेतून कीड आणि बुरशीला वाट मिळते. हा प्रयोग टाळावा.

पडलेल्या किंवा कायदेशीररीत्या तोडलेल्या झाडाचा गाभा उपलब्ध असेल तर एक साधी चाचणी करता येते. बिवळ्याच्या गाभ्याचा भुसा स्वच्छ पाण्यात काही तास ठेवला, की पाणी पिवळसर तपकिरी होते आणि उन्हात धरल्यावर त्यात निळसर झाक दिसते. मधुमेहासाठी म्हणून विकले जाणारे ‘विजयसारचे पेले’ याच लाकडाचे असतात. (अशा पेल्यातील पाणी हे डॉक्टरांच्या उपचाराला पर्याय नाही.) रक्तचंदनातील लाल रंगद्रव्य, सॅंटॅलिन, पाण्यात फारसे विरघळत नाही, स्पिरिटमध्ये मात्र लगेच गडद लाल रंग उतरतो.

ही चाचणी फक्त दिशा दाखवते. पैशांचा किंवा न्यायालयीन दाव्याचा प्रश्न असेल तेव्हा लाकडाच्या पेशीरचनेची प्रयोगशाळेतील तपासणीच ग्राह्य धरावी. बेंगळुरू येथील काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था असे काम करते. पाने, फुले, शेंगा असलेल्या फांदीवरून ओळख पटवण्यासाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पुण्यातील पश्चिम विभागीय केंद्र, तसेच दापोली आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांची वनशास्त्र महाविद्यालये यांच्याकडे विचारणा करता येते.

अधिवास: एक देशभर, दुसरे एका कोपऱ्यात

बिवळा भारताच्या मोठ्या भागात, तसेच नेपाळ आणि श्रीलंकेत आढळतो. महाराष्ट्रात कोकण, सह्याद्रीचे उतार, सातपुडा, मेळघाट आणि गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाच्या जंगलांत तो सागाच्या सोबतीने वाढतो. दमट आणि शुष्क अशा दोन्ही प्रकारच्या पानझडी जंगलांत तो दिसतो. पाण्याचा चांगला निचरा होणारी, मुरमाड ते मध्यम खोल जमीन त्याला मानवते.

रक्तचंदनाची कथा अगदी वेगळी आहे. नैसर्गिकरीत्या ते जगात फक्त पूर्व घाटाच्या दक्षिण भागात उगवते. आंध्र प्रदेशातील शेषाचलम, वेलिकोंडा, पालकोंडा, लंकामल्ला या डोंगररांगा आणि कडप्पा, चित्तूर, तिरुपती, नेल्लोरचा परिसर हे त्याचे मुख्य घर. लगतच्या तमिळनाडूतही ते थोडे आढळते. तिथले हवामान उष्ण आणि कोरडे, जमीन खडकाळ आणि उथळ आहे. अशा जागी झाड सावकाश वाढते. साचलेले पाणी त्याला सहन होत नाही.

यातून एक व्यवहारी निष्कर्ष निघतो. महाराष्ट्रातील जंगलात किंवा जुन्या बांधावर कोणी न लावता, आपोआप उगवलेले लाल चिकाचे मोठे झाड असेल, तर ते रक्तचंदन असण्याची शक्यता फारच कमी. महाराष्ट्रातील रक्तचंदन हे लावलेलेच असते. झाड कोणी, कधी, कुठून आणून लावले हे सांगता येत नसेल, तर आधी बिवळा समजून तपासणी सुरू करावी.

संवर्धन स्थिती: दोन्ही झाडे धोक्याच्या यादीत, पण पायऱ्या वेगळ्या

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ (आययूसीएन) जगभरातील प्रजातींची ‘लाल यादी’ ठेवतो. धोका वाढत जातो तशी प्रजाती ‘संकटसमीप’, ‘असुरक्षित’, ‘संकटग्रस्त’ आणि ‘अतिसंकटग्रस्त’ अशा पायऱ्यांवर जाते.

- बिवळा ‘संकटसमीप’ वर्गात आहे. झाड अनेक राज्यांत आढळते, पण इमारती लाकडासाठी तोड, औषधासाठी साल आणि गाभ्याची काढणी, वणवे, चराई आणि कमी उगवण यांमुळे जंगलातील मोठी झाडे घटत आहेत. खोडाभोवती पूर्ण साल काढली तर झाड मरते.
- रक्तचंदन ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे. २०१८ मध्ये त्याला खालच्या, ‘संकटसमीप’ पायरीवर ठेवले गेले होते. नंतरच्या मूल्यांकनात ते पुन्हा ‘संकटग्रस्त’ ठरले. तीन पिढ्यांच्या काळात संख्या ५० ते ८० टक्के घटल्याचा अंदाज हे त्याचे कारण. पूर्व आशियातील मागणीमुळे होणारी चोरटी तोड हा सर्वांत मोठा धोका आहे. लहरी रेषांच्या लाकडाला वाद्ये आणि फर्निचरसाठी तिथे मोठी मागणी असते.

दोन बाबी इथे लक्षात ठेवाव्यात. पहिली, लाल यादी म्हणजे कायदा नव्हे. ती शास्त्रीय मूल्यांकन आहे. तोड आणि वाहतुकीचे नियम वेगळे असतात. दुसरी, हे मूल्यांकन जंगलातील नैसर्गिक झाडांचे आहे. शेतात हजार रोपे लावल्याने शेषाचलमच्या जंगलातील घट भरून निघत नाही. मात्र कागदपत्रे व्यवस्थित असलेले लागवडीचे लाकूड बाजारात आले, तर जंगलातील चोरट्या लाकडावरचा भार कमी होऊ शकतो. म्हणूनच लागवडीच्या नोंदीला महत्त्व आहे. नोंद नसलेले लागवडीचे लाकूड आणि चोरीचे लाकूड यांत बाहेरच्या माणसाला फरक करता येत नाही.

कोणते नियम लागू होतात?

*बिवळा:* महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतील झाडांमध्ये साग, खैर, चंदन, मोह, हिरडा, ऐन, हळदू यांच्याबरोबर बीजा म्हणजे बिवळा आहे. त्यामुळे झाड स्वतःच्या मालकीच्या शेतात असले, तरी परवानगीशिवाय तोडू नये. तोडीपूर्वी वन परिक्षेत्र कार्यालयात किंवा तहसील कार्यालयात चौकशी करावी.

*रक्तचंदन:* ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ते १९९५ पासून आहे. म्हणजे परवान्याशिवाय त्याचा परदेशी व्यापार होऊ शकत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ मधील दुरुस्तीने साइट्स यादीतील प्रजाती देशाच्या कायद्यातही आल्या आहेत. २०१९ मध्ये केंद्र सरकारने खासगी जमिनीवर लागवड केलेल्या रक्तचंदनाच्या निर्यातीची वाट मोकळी केली; पण लाकूड लागवडीचेच आहे हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. ‘परदेशात थेट विक्री करून देतो’ असे सांगणाऱ्या दलालाकडे हे परवाने कोण काढणार, हे लेखी मागावे.

दोन्ही झाडांच्या लाकडाच्या वाहतुकीसाठी वन विभागाकडे वाहतूक परवान्याची चौकशी करणे आवश्यक आहे.

भूसंपादनात झाडांची किंमत ठरवताना २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार कृषी, वन आदी क्षेत्रांतील जाणकारांची मदत घेता येते. अशा वेळी पंचनाम्यात झाडाचे नाव केवळ ‘चंदन’ किंवा ‘रक्तचंदन’ असे मोघम लिहू देऊ नये. स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, छातीच्या उंचीवरील घेर आणि छायाचित्रे नोंदवून घ्यावीत. ओळखीबद्दल वाद असेल तर मोबदला ठरण्यापूर्वीच तज्ज्ञांची तपासणी मागावी. मोठी रक्कम गृहीत धरून कर्ज काढल्यावर झाड दुसरेच निघाले, तर तोटा शेतकऱ्याचाच होतो.

लागवड करायची तर कोणते झाड?

*बिवळा* महाराष्ट्राच्या मातीतला आहे. बांधावर, पडीक मुरमाड जमिनीत किंवा मिश्र वनशेतीत तो चांगला बसतो. त्याची मुळे नत्र स्थिर करतात, पाने जनावरे खातात, फुलांवर मधमाश्या येतात. लाकूड घरबांधणी, फर्निचर आणि तबला-ढोलकीच्या खोडासाठी वापरले जाते. रोपे तयार करताना पुढील काळजी घ्यावी.

- डिसेंबर ते मार्च या काळात निरोगी, सरळ खोडाच्या झाडांखालील वाळलेल्या शेंगा गोळा कराव्यात. एकाच झाडाऐवजी परिसरातील अनेक झाडांच्या शेंगा मिसळाव्यात.
- शेंगेचे कवच टणक असल्याने उगवण कमी मिळते. कडेचा पंख कात्रीने कापावा, शेंगा एक ते दोन दिवस साध्या पाण्यात भिजवून पिशवीत पेराव्यात. गरजेपेक्षा जास्त पिशव्या भराव्यात.
- पावसाळ्याच्या सुरुवातीला ४५ × ४५ × ४५ सें.मी. खड्ड्यात लागवड करावी. बांधावर दोन झाडांत सुमारे ५ मीटर अंतर ठेवावे.
- पहिली दोन-तीन वर्षे चराई आणि वणव्यापासून संरक्षण द्यावे.

*रक्तचंदन* लावायचे असेल तर कोरडी, उत्तम निचऱ्याची, मुरमाड किंवा तांबडी जमीन निवडावी. पाणी साचणारी भारी काळी जमीन टाळावी. साधारण ४ × ४ मीटर अंतर ठेवतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुदतीचा विचार. किंमत मिळते ती लाल गाभ्याला. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला नाही. गाभा भरायला दशके लागतात. ओलिताखाली झाड लवकर उंच झाले म्हणजे गाभाही तितकाच भरला असे नाही. लहरी रेषांचे उंची लाकूड तर प्रत्येक झाडात तयार होत नाही. म्हणून ‘दहा-बारा वर्षांत एकरी कोट्यवधी’ अशा जाहिरातींवर विसंबून चांगल्या पिकाखालील जमीन गुंतवू नये. दीर्घ मुदतीची, जोडीची गुंतवणूक म्हणूनच त्याकडे पाहावे.

रोपे शासकीय किंवा खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावीत. पावतीवर शास्त्रीय नाव लिहून घ्यावे आणि ती पावती जपून ठेवावी. लागवडीनंतर ई-पीक पाहणीत बांधावरील किंवा क्षेत्रातील झाडांची नोंद करून ती सातबाऱ्यावर आली का, हे तपासावे. वीस-पंचवीस वर्षांनी तोडीची किंवा वाहतुकीची परवानगी मागताना हीच कागदपत्रे तुमचा पुरावा असतील.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी: झाड पाहताना नोंदवायच्या बाबी

१. झाड लावलेले की आपोआप उगवलेले? लावलेले असल्यास वर्ष आणि रोपांचा स्रोत.
२. दहा पूर्ण पानांतील पर्णिकांची संख्या आणि आकार.
३. सालीचे जवळून आणि पूर्ण झाडाचे दुरून छायाचित्र.
४. फुलांचा महिना (शेतकऱ्याच्या सांगण्यानुसार).
५. जमिनीवरील शेंगांचा नमुना, कागदात गुंडाळून.
६. छातीच्या उंचीवर (१.३७ मीटर) खोडाचा घेर.
७. सातबारा आणि पीक पाहणीतील नोंद आहे का?

एवढी माहिती सोबत असेल तर तज्ज्ञांना ओळख पटवणे सोपे जाते आणि शेतकऱ्याची एक फेरी वाचते. ओळख निश्चित होईपर्यंत शेतकऱ्याला किमतीचा कोणताही आकडा सांगू नये.

तपासणीत तुमचे झाड रक्तचंदन नव्हे, बिवळा ठरले तर निराश होण्याचे कारण नाही. बिवळ्याची जुनी, बी देणारी झाडे जंगलातही कमी होत चालली आहेत. बांधावरचे असे एक झाड दरवर्षी शेकडो शेंगा देते आणि त्यांतून गावाच्याच मातीला सवयीची रोपे तयार करता येतात. ते झाड राखावे, त्याची साल काढू देऊ नये आणि त्याच्या शेंगा जवळच्या रोपवाटिकेपर्यंत पोहोचवाव्यात.